घरीं घडविलेलें यंत्र आणि त्याची कसोटी



उत्तरेकडील थंड देशांत हिवाळ्यांत सरोवरें गोठतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर बर्फाचा कठीण थर जमतो. त्या थरावरून पोलादी पट्ट्यांच्या गाड्या पळविण्याच्या शर्यती तेथें लागतात. कोणाच्या गाडीला शीड असतें, कोणाच्या गाडीला मोटारीचें इंजिन असतें. आणि एखादा हौशी कारागीर तर आपल्या घराच्या पडवींत स्वतःच्या हातांनीं जेट इंजिन जोडून तें घसरगाडीवर चढवितो. चाकें नाहींत, पंख नाहींत. मागें आगीचा झोत आणि खालीं निसरडा बर्फ, एवढ्यावर ती गाडी धांवते.

आपल्याकडे पालघर, बोईसर, तारापूर ह्या किनाऱ्याच्या प्रदेशांत हिवाळ्यांत फार तर एक गोधडी अधिक लागते. तेथें बर्फ कोठला! तरीहि त्या घसरगाडीच्या कारागिरापुढें जो प्रश्न उभा राहतो, तोच प्रश्न २०१८ सालीं एका सरकारी कराराच्या रूपानें पालघर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोंचला. घरीं घडविलेलें यंत्र खरोखर चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें कोठें, कसें, आणि तें न चाललें तर काय व्हावें, हा तो प्रश्न. यंत्र घडविण्याचें कौतुक पुष्कळ होतें. यंत्राची कसोटी पाहण्याची विद्या मात्र तितकीच कठीण असून तिची वाच्यता फारशी होत नाहीं. म्हणून आजचा विचार त्या विद्येचा.

प्रथम त्या घसरगाडीचें इंजिन कसें असतें तें पाहूं. दिवाळींतला बाण आपल्या शेपटींतून तप्त वायु खालीं फेंकतो आणि स्वतः वर जातो. क्रिया तितकीच प्रतिक्रिया, हा न्यूटनचा नियम शाळेंतल्या मुलालाहि पाठ असतो. जेट इंजिनाचें तत्त्वहि हेंच. फरक एवढाच कीं बाण आपल्या ज्वलनाला लागणारा प्राणवायु दारूंतच बांधून नेतो, तर जेट इंजिन तो भोंवतालच्या हवेंतून घेतें. पुढचें एक चक्र हवा आंत ओढून दाबतें. ती दाबलेली हवा ज्वलनकोठींत जाते. तेथें रॉकेल किंवा डिझेल जळतें. फुगलेला तप्त वायु बाहेर पडतांना मागचें दुसरें चक्र फिरवितो. तें मागचें चक्र त्याच दांड्यावरील पुढच्या चक्राला फिरवीत राहतें, आणि उरलेला झोत गाडीला पुढें रेटतो. इंग्लंडमध्यें फ्रँक व्हिटल ह्यानें असें इंजिन एप्रिल १९३७ मध्यें प्रथम जमिनीवर चालवून दाखविलें.

हौशी कारागिराला अशीं चक्रें घरीं ओततां येत नाहींत. तो एक युक्ति करतो. मोठ्या मालमोटारीच्या इंजिनाला अधिक हवा पुरविण्यासाठीं टर्बोचार्जर नांवाचें एक उपकरण बसविलेलें असतें. त्यांत हवा दाबणारें चक्र आणि वायूनें फिरणारें चक्र हीं दोन्ही एकाच दांड्यावर आयतीं मिळतात. भंगारवाल्याकडून तें आणावें, दोन चक्रांच्या मध्यें भोंकें पाडलेल्या पोलादी नळीची ज्वलनकोठी बसवावी, बेअरिंगला सतत तेल पोहोंचविणारा पंप जोडावा आणि बाहेरच्या पंख्यानें हवा फुंकून यंत्र सुरू करावें. इतकें केलें म्हणजे जेट इंजिनाचा सांगाडा तयार झाला. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु तीं चक्रें मिनिटाला कैक हजार फेरे घेतात. क्षणभर तेल थांबलें तरी बेअरिंग जळतें. इंधन अधिक गेलें तर पातीं लाल होऊन ताणतात. आणि एखादें पातें सुटलें तर तें बंदुकीच्या गोळीसारखें जातें.

म्हणूनच जाणता कारागीर इंजिन तयार होतांच गाडीवर बसत नाहीं. त्याच्या कसोटीला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर इंजिन जमिनींत पुरलेल्या खांबाला साखळीनें बांधून चालवितात. साखळींत स्प्रिंगचा कांटा अडकविला म्हणजे इंजिन किती किलोचा रेटा देतें तें वाचतां येतें. चालविणारा आडोशामागें असतो आणि चक्राच्या पातळींत कोणी उभें राहत नाहीं, कारण पातें सुटलें तर त्याच दिशेनें सुटावयाचें. दुसऱ्या पायरीवर इंजिन गाडीवर चढवून गाडी जागच्या जागीं बांधून ठेवतात आणि सांगाडा कोठें थरथरतो, कोठें तापतो तें पाहतात. तिसऱ्या पायरीवर गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगानें नेतात. मग धांवण्याच्या वेगानें. प्रत्येक पायरीनंतर यंत्र थंड करून, उघडून, बोल्ट न् बोल्ट तपासतात. पूर्ण वेगाची धांव ही अगदीं शेवटची पायरी होय. आणि पाहणारांना तेवढीच काय ती दिसते.

ह्या कामीं बर्फ मित्र असतो आणि वैरीहि. मित्र अशासाठीं कीं गोठलेलें सरोवर सपाट व मोकळें असतें. त्यावर झाड नाहीं, भिंत नाहीं, वाट चुकून आलेला वाटसरू नाहीं. पोलादाचें बर्फाशीं घर्षण फार थोडें, त्यामुळें लहान इंजिनाचा अल्प रेटाहि गाडीला वेग देतो. पण ज्या निसरडेपणामुळें गाडी सहज सुटते, त्याच निसरडेपणामुळें ती सहज थांबत नाहीं. कोरड्या रस्त्यावर मोटारीचीं रबरी चाकें जमीन धरतात. बर्फावर धरावयास कांहींच नसतें. म्हणून गति देणाऱ्या यंत्राच्या आधीं गति मारणारें साधन सिद्ध करावें लागतें. बर्फांत रुतणारा दातेरी आंकडा किंवा मागें उघडणारी छत्री असावी लागते; तशीच चालक गाडीवरून उडाला तर आपोआप इंधन बंद पाडणारी, त्याच्या मनगटाला बांधलेली दोरीहि लागते.

बर्फावरील अशा कसोटीचें एक उदाहरण जर्मनींत घडलें. मॅक्स व्हालियर ह्या धाडसी माणसानें १९२८ मध्यें ओपेल कारखान्याच्या साहाय्यानें दारूच्या बाणांवर चालणाऱ्या मोटारी काढल्या होत्या. त्यांतील एक मोटार त्या वर्षीं मे महिन्यांत बर्लिनच्या शर्यतमार्गावर ताशीं २३८ किलोमीटर वेगानें धांवली. पुढें व्हालियर स्वतंत्रपणें काम करूं लागला आणि त्यानें बाणांवर चालणारी घसरगाडी तयार केली. फेब्रुवारी १९२९ मध्यें बव्हेरियांतील गोठलेल्या स्टार्नबर्ग सरोवरावर तिची धांव झाली. ताशीं साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक वेग तिनें घेतला असें सांगतात. त्या धांवेंतील खरी ध्यानांत धरण्यासारखी गोष्ट वेगाची नाहीं. गाडींत त्या वेळीं कोणी बसलेलें नव्हतें. ती मोडली असती तर लाकूड आणि लोखंड मोडलें असतें, माणूस नव्हे.

तोच व्हालियर पुढें द्रव इंधनाच्या रॉकेट इंजिनाकडे वळला. १७ मे १९३० रोजीं बर्लिन येथें इंजिन परीक्षेच्या चौकटीवर चालू असतां फुटलें, त्याचा तुकडा जवळच उभ्या असलेल्या व्हालियरला लागला आणि तो गेला. त्याचें वय अवघें ३५ वर्षांचें होतें. सरोवरावर वेगवान गाडी रिकामी सोडणारा माणूस स्थिर इंजिनाशेजारीं बळी पडला, हें दुर्दैव खरें. पण त्यांत एक धडाहि आहे. हलणाऱ्या यंत्राचें भय सर्वांनाच वाटतें. जागच्या जागीं बांधलेलें यंत्र निरुपद्रवी वाटतें, आणि तेथेंच माणूस फसतो.

कसोटी कशी असावी ह्याचें सूत्र ह्यांतून निघतें. जी कसोटी यशस्वी झाली तर ज्ञान मिळतें आणि फसली तरीहि केवळ ज्ञानच मिळतें, हानि होत नाहीं, ती उत्तम कसोटी. अपयश येणारच नाहीं असें गृहीत धरून घेतलेली कसोटी ही कसोटी नसून जुगार होय.

हें सूत्र समजण्यासाठीं जर्मनीला जावयास नको. बोईसर स्टेशनांत उतरलें तरी पुरे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे व कापडाचे पुष्कळ कारखाने आहेत आणि त्यांना वाफ लागते. वाफेचा बॉयलर वापरांत घेण्यापूर्वीं त्याची जलदाब-परीक्षा करतात. बॉयलर पाण्यानें कांठोकांठ भरून, आंतील हवा पूर्ण काढून, पंपानें पाण्याचा दाब वाढवितात. आणि तो दाब पुढें चालावयाच्या वाफेच्या दाबापेक्षां अधिक ठेवतात. कोणी विचारील कीं वाफ ठेवावयाची आहे तर परीक्षा पाण्यानें कां? कारण असें कीं वाफ किंवा हवा दाबली असतां ती स्प्रिंगेप्रमाणें शक्ति सांठवून ठेवते. भांडें फुटलें तर ती सारी शक्ति एकदम बाहेर पडते. पाणी जवळजवळ दबतच नाहीं. भांड्याला चीर गेली तर पाणी झिरपतें, दाब उतरतो आणि कांटा खालीं येतो. दोष उघड होतो आणि कोणाला इजा होत नाहीं. घसरगाडी रिकामी सोडणें आणि बॉयलर पाण्यानें भरणें, ह्या दोहोंमागें एकच शहाणपण आहे.

तेथून पश्चिमेस समुद्राच्या कांठीं भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र उभें आहे. तें ऑक्टोबर १९६९ मध्यें रीतसर वीज पुरवूं लागलें. अशा केंद्रांत इंधन भरण्याच्या आधीं नळ्या, पंप आणि झडपा इंधनावांचून चालवून पाहतात. मग इंधन भरल्यावर अगदीं अल्प शक्तीवर. मग पायरी पायरीनें वर. घरच्या पडवींतील कारागीर आणि अणुकेंद्रांतील अभियंता ह्यांच्या साधनांत जमीन-अस्मानाचें अंतर असलें तरी जिना एकच आहे.

आतां पालघर जिल्ह्याशीं ज्या यंत्राचें नांव जोडलें गेलें त्याकडे वळूं. तें यंत्र घसरगाडी नसून विमान आहे, आणि जेटचें नसून पंख्याचें आहे. परंतु तें घरीं घडलेलें आहे. सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत मूळ असलेले वैमानिक अमोल यादव हे जेट एअरवेज कंपनींत नोकरी करीत असतां मुंबईंत कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. त्याआधीं दोन प्रयत्न झाले होते आणि ते पूर्ण यशापर्यंत पोहोंचले नव्हते. तिसऱ्या प्रयत्नाला कैक वर्षें लागलीं. मोठ्या एकत्र कुटुंबानें पैशाची आणि जागेची तोशीस सोसली. फेब्रुवारी २०१६ मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हां तें विमान सुटें करून गच्चीवरून खालीं उतरविण्यांत आलें आणि तेथें लोकांपुढें ठेवण्यांत आलें. घराच्या गच्चीवर विमान, ह्या कल्पनेनेंच लोक हरखून गेले.

पण गच्चीवर विमान घडूं शकतें, उडूं शकत नाहीं. घसरगाडीच्या कारागिराला निसर्ग दर हिवाळ्यांत फुकट मैदान देतो. विमानाच्या कारागिराला धावपट्टी मागावी लागते. शिवाय आकाश हें कोणा एकाचें नव्हे. विमान पडलें तर तें कोणाच्या छपरावर पडेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणाचा परवाना ह्या दोन्ही गोष्टी लागतात. ह्या विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्यें झाली. चाचणी-उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्यें मिळाला. आणि ऑगस्ट २०२० मध्यें धुळ्याच्या धावपट्टीवरून तें विमान हवेंत गेलें. लोकांपुढें ठेवल्यापासून जमीन सोडीपर्यंत साडेचार वर्षें गेलीं.

ह्या साडेचार वर्षांकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. कारागिराच्या दृष्टीनें तीं वर्षें हातचीं गेलीं. उमेद, पैसा आणि वय हीं तिन्ही झिजलीं. लोकांच्या दृष्टीनें परवान्याची अट ही त्यांच्या छपरांची राखण होय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. भांडण नियमाशीं नसावें. नियम पाळतां येईल असें स्थळ नसण्याशीं असावें. बॉयलरच्या मालकाला निरीक्षक कोठें भेटेल, परीक्षा कशी होईल, दाब किती ठेवतील, हें सारें आधीं ठाऊक असतें. म्हणून तो नियमाला कंटाळत नाहीं. नवें यंत्र घडविणाऱ्याला मात्र पुष्कळदां जिन्याची पहिली पायरीच सांपडत नाहीं. मग एक तर तो हताश होऊन बसतो, किंवा पायऱ्या सोडून उडी मारतो. पहिल्यानें देशाचें नुकसान होतें. दुसऱ्यानें जीव जातो.

राईट बंधूंचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. सायकलच्या दुकानांत काम करणाऱ्या त्या दोघां भावांनीं आपल्या गांवापासून शेंकडों मैल दूर किटी हॉक येथील वाळूचें मैदान मुद्दाम शोधून काढलें. तेथें वारा भरपूर होता, माणसें थोडीं होतीं, आणि पडलें तर वाळू मऊ होती. आधीं त्यांनीं पतंगासारखें दोरीनें बांधून यंत्र उडविलें, मग इंजिनावांचून तरंगविलें, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं इंजिनासह जें पहिलें उड्डाण झालें तें १२ सेकंदांचें आणि १२० फुटांचें होतें. पडण्याची सोय आधीं केली, म्हणून उडण्याचा दिवस आला.

आणखी एक गोष्ट त्यांनीं केली. प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवली, साक्षीदार बोलाविले आणि छायाचित्र काढविलें. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे ह्यांनीं १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर माणसावांचून विमान उडविलें अशी कथा आवडीनें सांगितली जाते. तळपदे हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते ह्यांत शंका नाहीं. परंतु त्या प्रयोगाचीं मापें, आराखडे, विश्वसनीय समकालीन नोंद ह्यांपैकीं कांहींच आज हातीं नाहीं. म्हणून त्या कथेवरून पुढच्या कारागिराला एक खिळाहि ठोकतां येत नाहीं. कसोटीची वही नसेल तर यश आणि अपयश दोन्ही वाऱ्यावर जातात. घसरगाडीवाला ज्या कागदावर आज इतका रेटा, इतकें तेल, इतकी उष्णता असें लिहितो, तो मळलेला कागद इंजिनाइतकाच मोलाचा आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्यें मुंबईंत ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषद भरली होती. त्या सुमारास यादव ह्यांच्या कंपनीशीं राज्यानें सामंजस्य-करार केला. पालघर जिल्ह्यांत १५७ एकर जमीन, विमानांचा कारखाना, आणि ३५,००० कोटी रुपयांचा प्रकल्प, असें त्याचें स्वरूप जाहीर झालें. पालघर हा जिल्हा तेव्हां चार वर्षांचाहि झाला नव्हता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं तो ठाण्यापासून वेगळा झाला. ह्या आंकड्यांनीं वर्तमानपत्रांचे मथळे सजले. सामंजस्य-करार ही मात्र इच्छेची नोंद असते. त्यावरून कारखान्याची वीट मोजतां येत नाहीं.

त्या हजारों कोटींच्या आंकड्यापेक्षां घरीं यंत्र घडविणाऱ्या माणसाच्या उपयोगाची गोष्ट फार लहान आहे. वस्तीपासून दूर एक लांब, सपाट, कुंपण घातलेली पट्टी; तिच्या एका टोंकाला इंजिन बांधून चालविण्यासाठीं जाड भिंतीचा आडोसा; आग विझविण्याचें साधन; जखमीला तांतडीनें नेण्याची व्यवस्था; नोंदीची वही; आणि ‘आज नाहीं, आधीं हा बोल्ट बदला’ असें सांगण्याचा अधिकार असलेला एक जाणकार मनुष्य. इतकें असलें म्हणजे विमान असो, जलयान असो कीं नव्या तऱ्हेचा शेतीपंप असो, त्याची कसोटी पायरी पायरीनें होईल. बोईसरचा फिटर, पालघरच्या तंत्रशाळेंत शिकणारा मुलगा, वाडीवर डिझेल इंजिन दुरुस्त करणारा शेतकरी, ह्यांच्यांतून कोणाच्या हातीं काय घडेल हें आधीं सांगतां येत नाहीं.

तोंवर घराघरांतून एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. मुलानें कांहीं यंत्र जोडून आणलें म्हणजे ‘चालतें का?’ एवढेंच विचारूं नये. ‘बिघडलें तर काय होईल, आणि तें तूं कसें पाहिलेंस?’ असें विचारावें. ज्याला ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, त्याच्या हातीं हातोडा निर्धास्तपणें द्यावा.